'सायकी के.'च्या अ‍ॅनिमेत (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेत) सगळे इतकं भरभर का बोलतात? चाहत्यांना ते खटकत नाही का?

खटकतं की! पण कारण साधं आहे. २०१६ मध्ये जपानी टीव्हीवर तो सोमवार ते शुक्रवार पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत लागायचा. शुइची आसो यांच्या मूळ मांगातला (जपानी कॉमिकमधला) अख्खा किस्सा तेवढ्यात बसवायचा म्हटल्यावर संवाद सुसाटच सुटणार. सबटायटल्स वाचताना दमछाक होते ही तक्रार रास्तच आहे (मीही थांबवून-थांबवून बघतो). तरी पुढे बऱ्याच जणांना तोच वेग आवडायला लागतो. अतींद्रिय शक्ती असलेला शाळकरी नायक सायकी तोंड उघडतच नाही. शाळेतल्या गोंधळावर मनातल्या मनात चाललेली त्याची कुजकी शेरेबाजी हीच खरी गंमत. हिरोशी कामिया यांच्या सपाट आवाजात ती कागदापेक्षा जास्त खुलते, असं माझं मत. त्याचा वर्गमित्र नेंदो, त्याचे चेहरे मात्र मांगातच निवांत बघा.