पीटीईसी भरली म्हणजे पगारावरचा व्यवसाय कर भरला असं होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सांगलीत दोघा भावंडांची भागीदारीतली बेकरी, सात माणसं कामाला. दोघांनी पीटीईसी (स्वतःच्या धंद्यावरच्या व्यवसाय कराची नावनोंदणी) काढून प्रत्येकी २,५०० रुपये भरले. ऑगस्टमध्ये पीटीआरसीही (नोकरांचा व्यवसाय कर कापून भरण्यासाठी मालकाची नोंदणी) घेतली, पण 'कर वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र मार्चमध्ये एकदाच' असं कळल्यामुळे डिसेंबर उजाडला तरी एकही विवरणपत्र गेलेलं नाही, आणि पगारातून कापणंही राहिलं. आता काय करायचं?

आधी घोळ सोडवू. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रात व्यवसाय कराची दोन खाती होतात. पीटीईसी म्हणजे नावनोंदणी. तुम्ही स्वतः धंदा करता म्हणून तुमच्यावर बसणारा, वर्षाला २,५०० रुपयांचा कर. भागीदारीत प्रत्येक भागीदाराचा वेगळा. कंपनी असेल तर कंपनीचा एक आणि प्रत्येक संचालकाचा एक. पीटीआरसी म्हणजे मालक म्हणून नोंदणी. कर नोकरांचा, पण कापून भरण्याची जबाबदारी तुमची. पहिल्याची पावती दुसऱ्याला चालत नाही. 'पीटी (व्यवसाय कर) भरलाय की' असं म्हणणारे बहुतेक जण पहिल्याबद्दलच बोलत असतात.

आणि इथे दहा माणसांची किंवा वीस माणसांची अट नाही. दुकाने कायद्याच्या, भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांशी याची गल्लत करू नका. ज्याचा पगार करपात्र टप्प्यात येतो असा एकच माणूस कामाला असला तरी ३० दिवसांत पीटीआरसी घ्यावी लागते.

आता दर. पुरुषांना महिना ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५ रुपये, त्याच्या वर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत काहीच नाही, त्याच्या वर तेच २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांची ही मर्यादा १ एप्रिल २०२३ पासूनची. आधी ती १०,००० होती. जुन्या एक्सेल शीटमध्ये किंवा अपडेट न केलेल्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून १०,००० च बसलेली असते आणि काउंटरवरच्या मुलींचे दरमहा २०० रुपये विनाकारण कापले जातात. तेवढं आजच बघून घ्या.

फेब्रुवारीच्या ३०० चं कोडं सोपं आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार हा कर एका माणसाला वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त लावता येत नाही. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, उरलेले ३०० बाराव्या महिन्यात. मात्र तो दर महिन्याचा आहे, वर्षाचा हिशेब पुरा करण्यासाठी नाही. म्हणून १ फेब्रुवारीला लागलेल्या माणसाचेही त्या महिन्यात ३०० च कापायचे, आणि जानेवारीअखेर सोडून गेलेल्याकडून जास्तीचे शंभर मागायचे नाहीत.

तुमच्या यादीवर हे लावून बघू. दोन कारागीर प्रत्येकी २२,००० : ४००. अर्धवेळ मदतनीस ९,५०० : १७५. (किमान वेतनाचे दर बघता पूर्णवेळ माणूस या टप्प्यात क्वचितच सापडतो. असा पगार पूर्णवेळ माणसाचा दाखवलात तर पीटीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.) सकाळी पाव पोचवणारा मुलगा ७,००० : शून्य. काउंटरवरच्या दोघी प्रत्येकी १६,००० : शून्य. हिशेब सांभाळणाऱ्या बाई २७,००० : २००. महिन्याला ७७५, फेब्रुवारीत १,०७५, आणि पूर्ण वर्षाचे ९,६०० रुपये.

टप्पा ठरतो तो हातात पडणाऱ्या रकमेवर नाही, एकूण पगारावर. मूळ पगार, महागाई भत्ता आणि नियमित मिळणारे बाकी सगळे भत्ते त्यात धरायचे. बोनस आणि ग्रॅच्युइटी व्याख्येतून वगळलेले आहेत, त्यामुळे दिवाळीचा बोनस दिला म्हणून कोणाचा टप्पा बदलत नाही. मात्र दरमहा ठरलेला 'इन्सेंटिव्ह' नावाने बोनससारखा वाटला तरी नियमित मोबदलाच आहे. उलट बाजूनेही हेच. हिशेब सांभाळणाऱ्या बाईंची एखाद्या महिन्यात बिनपगारी रजा झाली आणि देय पगार २४,००० वर आला, तर त्या महिन्यात कर नाही. म्हणजे टप्पा दर महिन्याला तपासायचा. नेमणुकीच्या वेळी एकदा ठरवून सोडून द्यायचा नाही.

सणाच्या गर्दीत आठ-दहा दिवसांसाठी हात मदतीला घेता ते यात येत नाहीत, कारण नैमित्तिक मजुरीवर काम करणाऱ्याला कायदा वगळतो. पण सहा महिने रोज येणारा माणूस 'रोजंदारीवर' लिहिला म्हणून नैमित्तिक होत नाही. त्याच्या महिन्याच्या मजुरीची बेरीज करून टप्पा लावा. भागीदार म्हणून तुम्ही दोघे जो मोबदला घेता तो पगार नव्हे. तो या यादीत घालू नका.

सूट कोणाला? वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना. ६० नव्हे! आयकरातला ज्येष्ठ नागरिक इथे चालत नाही. ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असलेल्यांनाही आहे, आणि मतिमंद मुलाच्या पालकांनाही. दाखल्याची प्रत घेऊन फाइलला लावा, नुसत्या तोंडी शब्दावर कापणं थांबवू नका.

आता तुमचं खरं दुखणं. एक लाखाचा नियम खरा आहे, पण अर्धाच तुमच्यापर्यंत पोचला. नियमात मागच्या वर्षाची देय रक्कम बघतात : १,००,००० किंवा जास्त असेल तर दरमहा विवरणपत्र, कमी असेल तर वर्षातून एक. नोंदणीच्या पहिल्या वर्षी बघायला मागचं वर्षच नसतं, आणि त्या वर्षी विवरणपत्र दरमहाच भरायचं असतं. म्हणजे मार्चपर्यंत तुम्ही मासिकवाले. नव्याने पीटीआरसी घेतलेल्या छोट्या धंद्यांची सगळ्यात जास्त विलंब शुल्कं याच एका गैरसमजातून निघतात.

मासिक विवरणपत्रात आदल्या महिन्याचा पगार येतो आणि मुदत चालू महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत असते. ऑगस्टच्या पगाराची मुदत ३० सप्टेंबर, सप्टेंबरच्या पगाराची ३१ ऑक्टोबर, ऑक्टोबरच्या पगाराची ३० नोव्हेंबर. विलंब शुल्क ३० दिवसांच्या आत २०० रुपये, नंतर सरसकट १,०००, आणि तेही प्रत्येक विवरणपत्राला. आज १० डिसेंबर. पहिल्या दोनांचे प्रत्येकी १,००० गेले. तिसरं अजून २०० मध्ये सुटतंय, ते ३० डिसेंबरपर्यंतच. म्हणजे तीन महिन्यांचा कर २,३२५ आणि त्यावर विलंब शुल्क २,२०० रुपये. व्याज पहिल्या महिन्याला सव्वा टक्का, पुढच्या दोन महिन्यांना दीड, त्यानंतर दोन टक्के. तुमच्या रकमेवर ते शंभराच्या आत बसेल. रक्कम न भरताच बसलात तर अधिकारी देय कराच्या १० टक्के दंडही लावू शकतो, पण छोट्या मालकाला खरा फटका विलंब शुल्काचाच. म्हणून हातात पैसे कमी असतील तर नोव्हेंबरअखेर मुदत असलेलं विवरणपत्र आधी उरका. पहिल्या दोनांचं विलंब शुल्क आता आणखी वाढणार नाही, व्याज तेवढं चालू राहील. अधूनमधून शासन विलंब शुल्क माफ करणारी अधिसूचना काढतं हे खरं, पण तिची वाट बघत थांबणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर उधारी करणं.

करायचं ते या क्रमाने. महाजीएसटीच्या (राज्याच्या जीएसटी विभागाच्या) संकेतस्थळावर पीटीआरसीच्या लॉगिनने जा आणि नोंदणीच्या तारखेपासून कोणकोणत्या कालावधीची विवरणपत्रं बाकी दिसतात ते आधी बघा. तुमच्या समजुतीपेक्षा एखादं जास्त निघू शकतं. मग प्रत्येक कालावधीचं वेगळं एमटीआर-६ चलन (कर भरण्याचा ठरलेला नमुना). चलनात कर, व्याज आणि विलंब शुल्क आपापल्या रकान्यात टाका, सगळी रक्कम करात कोंबू नका. विलंब शुल्क विवरणपत्राच्या आधी भरलेलं असावं लागतं. चलन आलं की नमुना तीन-ब मधलं विवरणपत्र. त्यात नावं नसतात, कोणत्या टप्प्यात किती माणसं एवढंच असतं. म्हणून नाव, एकूण पगार, टप्पा आणि कापलेली रक्कम असा महिन्याचा तक्ता स्वतःकडे ठेवा. तपासणीत तोच मागतात.

चलनातली हमखास चूक म्हणजे क्रमांकाची अदलाबदल. पीटीआरसीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पीटीईसीचा ९९ ने, आणि दोन्हींच्या शेवटी पी. नोकरांचा कर ९९ वाल्या क्रमांकावर गेला की पैसे सरकारकडे पोचलेले असतात, पण तुमच्या मालक-खात्यावर थकबाकी तशीच. ती रक्कम योग्य खात्यावर आणायला नंतर अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. दुसरी चूक कालावधीची. क्रमांकाचे पहिले दोन आकडे आणि महिना वाचल्याशिवाय 'पे' दाबू नका.

कापायचं राहिलं त्याचं काय? कायद्याच्या नजरेने तुम्ही कापलं की नाही हा मुद्दाच नाही. पगार देणारा म्हणून देणं तुमचंच. डिसेंबरच्या पगारातून कारागिरांचे मागचे प्रत्येकी ६०० एकदम कापण्यापेक्षा त्या तीन महिन्यांचे २,३२५ तुम्हीच सोसावेत असं माझं मत. चूक तुमची आहे, रक्कम छोटी आहे, आणि बेकरीत चांगला कारागीर टिकवणं यापेक्षा महाग पडतं. तसं केलंत तर ती रक्कम आयकरासाठी त्या नोकराच्या पगारातला लाभ म्हणून धरली जाते, एवढी नोंद करा. नोव्हेंबरच्या पगाराची मुदत ३१ डिसेंबर आहे. पगार झाला नसेल तर त्यातूनच कापायला सुरुवात करा, आणि स्लिपवर 'व्यवसाय कर' अशी ओळ दिसू द्या. जुन्या करप्रणालीत नोकराला त्याची वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही.

एप्रिलपासून तुम्ही वार्षिक व्हाल, कारण तुमची रक्कम लाखाच्या जवळपासही नाही. (लाख व्हायला पूर्ण दराची चाळीस माणसं लागतात.) तेव्हा १ मार्च ते फेब्रुवारीअखेर अशा बारा पगारांचं एकच विवरणपत्र, करासह ३१ मार्चपर्यंत. कापणं मात्र दरमहाच. वर्षभर कापलेले पैसे मैद्याच्या बिलात खर्च होऊन मार्चमध्ये ९,६०० शोधत बसावं लागतं, म्हणून ते वेगळ्या खात्यात टाकत जा. तुमच्या दोघांच्या पीटीईसीची तारीख वेगळी, दरवर्षी ३० जून.

सात माणसं म्हणजे आणखी एक राज्याचं देणं लागू होतं, ते तुम्ही विचारलेलं नाही : महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. पाच किंवा जास्त कामगार असले की लागू. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे २५ आणि तुमचे ७५ रुपये, सहा महिन्यांसाठी. डिसेंबरचा भरणा १५ जानेवारीपर्यंत. हे पैसे कामगार कल्याण मंडळाकडे जातात, व्यवसाय कराच्या चलनात नाही.

बेळगावात शाखा काढायचा विचार लिहिलाय. तिथल्या माणसांसाठी कर्नाटकाची वेगळी नोंदणी आणि कर्नाटकाचेच टप्पे. सांगलीची पीटीआरसी तिथे चालणार नाही. गोव्यात काढलीत तर हा करच नाही.