ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) लेमन बार, म्हणजे बिस्किटाच्या तळावर लिंबू-अंड्याचा थर असलेल्या वड्या केल्या की खालचं बिस्किट ओलं राहतं आणि वरच्या थराला अंड्याचा वास येतो. आपलं कागदी लिंबू वापरल्यामुळे असं होतं का?

नाही, लिंबाचा यात काही दोष नाही. बिस्किट ओलं राहतं ते आधी पुरेसं न भाजल्यामुळे, आणि अंड्याचा वास बहुतेक वेळा वरचा थर गरजेपेक्षा जास्त भाजल्यामुळे येतो. एकाला आच कमी पडते, दुसऱ्याला जास्त होते. म्हणून दोन्हींना वेगवेगळं तापमान द्या.

तळ म्हणजे जवळपास नानकटाईच. आठ इंची चौकोनी टिनला १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर आणि ५० ग्रॅम पिठीसाखर लागते. अमूलचं नेहमीचं बटर खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. गार बटर मैदा-साखरेत चोळत जा. मुठीत दाबल्यावर मुटका होऊ लागला की थांबा, दूध-पाणी काही घालू नका. टिनला बटर पेपर लावाच, कारण साधा अॅल्युमिनियमचा टिन असेल तर लिंबाच्या आंबटपणाने धातूची चव उतरते. मिश्रण पसरून वाटीच्या बुडाने घट्ट दाबा, कोपऱ्यांत बोटांनी. फट राहिली की वरचं पातळ मिश्रण तिथून खाली झिरपतं, आणि मग बिस्किट वर, लिंबू खाली असा प्रकार होतो.

ओटीजी आधी नीट तापू द्या. १७५ अंशांवर दोन्ही रॉड लावून साधारण २० ते २५ मिनिटं लागतात, पण ओटीजीच्या आकड्यावर फार विसंबू नका, रंग बघा. कडा बदामी आणि मधला भागही फिकट सोनेरी दिसला पाहिजे. नुसत्या कडा रंगल्या म्हणून बाहेर काढायची घाई इथेच नडते. वरून मिश्रण ओतल्यावर तळाला पुन्हा कुरकुरीत व्हायची संधी नसते. मिश्रण आधीच तयार ठेवा आणि तळ गरम असतानाच ओता. टेकताक्षणी अंडं थोडं धरतं आणि झिरपणं थांबतं.

आता लिंबू. अमेरिकेत हे बार ज्या लेमनचे करतात ते मोठं, पिवळं, जाड सालीचं फळ. आपलं कागदी लिंबू म्हणजे तिकडचं ‘की लाइम’ (key lime). फ्लोरिडाचा प्रसिद्ध गोड पदार्थ ‘की लाइम पाय’ (pie) याच फळाच्या रसाचा असतो, तेव्हा गोडाच्या बेकिंगला ते नवखं मुळीच नाही. रस पुरेपूर आंबट आहे, फरक पडतो तो सालीत. पोह्यांवर लिंबू आपण गॅस बंद केल्यावर पिळतो, कारण आचेवर रसाचा ताजा वास उडून जातो. इथे तर तो रस चांगला वीस मिनिटं भट्टीत असतो. वास टिकवायचा तर सालीतलं तेल हवं, आणि कागदी लिंबाची साल इतकी पातळ की किसणी जरा जोरात फिरली तरी खालचा कडू पांढरा भाग येतो. म्हणून तुकतुकीत लिंबं घ्या, चिरण्याआधीच बारीक किसणीवर हलक्या हाताने एकदाच फिरवा, एका जागी दोनदा नाही. चार-पाच लिंबांचा कीस पुरतो. तो २०० ग्रॅम साखरेत टाकून बोटांनी मिनिटभर चोळा. साखर ओलसर आणि किंचित हिरवट होते, आणि वास स्वयंपाकघरभर पसरतो. एवढी एक गोष्ट केलीत तरी बारची चव बदलेल.

नागपुरी संत्री बाजारात असतील तर एका संत्र्याचा कीसही घाला, फार छान लागतो. त्याची साल सैल असते, त्यामुळे फळ घट्ट धरून किसावं लागतं. मोसंबीच्या रसाचे बार मात्र करू नका. आंबटपणाच नसल्याने नुसता गोडमिट्ट थर होतो.

या साखरेत दोन मोठे चमचे मैदा मिसळा, मग तीन अंडी आणि १०० मिली रस घाला. एवढ्या रसाला सहा ते आठ लिंबं लागतात, पिळताना बिया चिरडू देऊ नका. मिश्रण हलक्या हाताने एकजीव करा, केकसारखं फेटू नका. फेस झाला की तोच वर येऊन पांढरट पापुद्रा धरतो. अंड्याचे तंतू राहू नयेत म्हणून गाळून घ्या, कीस थोडा चमच्याने परत वर घाला. गरम तळावर ओतून १६० अंशांवर, फक्त खालचा रॉड लावून १८ ते २२ मिनिटं भाजा. टिन हलवून बघा. कडा घट्ट आणि मधोमध किंचित थरथर असेल तेव्हाच बाहेर काढा, उरलेलं काम आतली उष्णता करते. मधला भाग पूर्ण घट्ट व्हायची वाट बघितली की अंड्याचा वास आलाच.

बाहेर पूर्ण गार करा, मग तीन तास फ्रिजमध्ये. त्याआधी सुरी लावली तर वड्या पडणार नाहीत. दर कापाला सुरी पुसा. पिठीसाखर वाढताना भुरभुरवा, आधी घातली तर विरघळून चिकट होते.

अंडं चालत नसेल तर तळ तोच ठेवा आणि वर ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये १०० मिली रस, कीस आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घाला, साखर नको. लिंबाच्या आंबटपणाने दूध ढवळता ढवळताच दाट होतं, म्हणून १६० अंशांवर १२ ते १५ मिनिटं पुरतात.