स्लॅब झाला, पैसे संपले

प्रश्न : ताई, आम्ही बार्शीजवळ तीन गुंठ्याच्या प्लॉटवर ११५० स्क्वेअर फुटाचं घर काढलंय. मटेरियल आमचं, लेबर कॉन्ट्रॅक्टरचं असं ठरलं, तेही तोंडीच, कारण माणूस मिस्टरांच्या ओळखीतला. स्लॅब पडला तेव्हा पेढे वाटले आणि त्याच महिन्यात पैसे संपत आले. वीटकाम झालंय, पण आता लॉफ्ट, बाहेरच्या पायऱ्या, वरची टाकी सगळं एक्स्ट्रा म्हणतो, आणि पंधरा पंधरा दिवस फिरकत नाही. सासरे म्हणतात माणूस बदला, मिस्टर म्हणतात ओळखीत वाईटपणा नको, भाड्याचं घर दिवाळीला सोडायचंय. रोज संध्याकाळी घरात हाच वाद. काय करावं?

उत्तर : स्लॅब पडला वाचून क्षणभर धस्स झालं हो, मग पेढे वाचले. असो. स्लॅबनंतर पैसे संपणं यात तुमचं जगावेगळं काही चुकलं नाहीये, आमचेही तिथंच संपले होते. सळई, खडी, सिमेंट ट्रक भरभरून येतं त्यामुळे वाटतं मोठा खर्च झाला, आता काय किरकोळच उरलं, आणि मग प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळ, सेप्टिक टँक, रंग हे सुटं सुटं येत राहतं आणि बघता बघता जवळपास तेवढाच पैसा खातं.

आता जरा न आवडणारं. कॉन्ट्रॅक्टरचा एक्स्ट्रा सगळाच खोटा नसणार. लेबर रेट साधारण स्लॅबच्या स्क्वेअर फुटावर ठरतो, त्यात टाकी, लॉफ्ट, कंपाउंड धरलंय की नाही हे आधी बोलायचं असतं, ते तुम्ही बोलला नाहीत आणि त्यानेही काढलं नाही (त्याला कशाला काढायचंय म्हणा). म्हणून भांडायच्या आधी त्याच्या ओळखीचा नसलेला एखादा इंजिनिअर फी देऊन साइटवर न्या आणि मोजमाप करून घ्या. काय ठरलं होतं, काय न ठरता झालं, काय बाकी आहे आणि आजवर किती उचल दिली, एवढं एका वहीत आलं की निम्मी भांडणं तिथंच संपतात, घरातलीसुद्धा. आणि ओळखीतल्या माणसाला वही दाखवणं म्हणजे वाईटपणा नव्हे हे मिस्टरांना माझ्या नावावर सांगा.

बदलायचं का? मी बदलला होता, रागात. नवीन मिस्त्री आला, अर्धवट काम म्हणून रेट चढा लावला, वर प्रत्येक गोष्टीला "हे आधीच्याने केलंय, माझी जबाबदारी नाही." पुढे बाथरूमची भिंत ओली यायला लागली तर पाइप कुठून नेलाय हे सांगायलाच कुणी नाही, नवी टाइल्स फोडून शोधला. तेव्हा इंजिनिअरकडूनच भिंती ओळंब्यात आहेत का, कॉलमला कुठे खडी उघडी पडलीये का बघून घ्या. काम सरळ असेल आणि माणूस फक्त टाळत असेल तर ठेवा, पण आठवड्याची उचल बंद, आतलं प्लास्टर झालं की इतके, बाहेरचं झालं की इतके असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवा. कामच वाकडं असेल तर मात्र हिशेब चुकता करून मोकळे व्हा, ओळख गेली खड्ड्यात.

उरलेल्या पैशात आधी गच्ची. कोबा करून उतार काढायचा आणि आळं करून दोन दिवस पाणी साठवून खालून बघायचं. मग बाहेरचं प्लास्टर, तेही पश्चिमेकडून सुरू करा, आपल्याकडे पावसाचा मारा तिकडूनच. मग दारं-खिडक्या, एक संडास-बाथरूम, ओट्याला साधा कडप्पा. हॉलची टाइल्स, पीओपी, मेन गेट यातलं काहीही नसलं तरी माणूस राहतो, आम्ही आठ महिने नुसत्या कोब्यावर राहिलो, पाहुणे नाकं मुरडायचे, मुरडू देत. वर पुढे मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया बाहेर ठेवल्या असतील तर त्यांना सिमेंटचं पाणी लावून वरून कच्चं काँक्रीट करून झाका, नाहीतर गंजतील. आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढा, पाइप आणि वायरिंगसाठी भिंतीत कोरलेल्या झिऱ्या दिसतील असे. हा फुकटचा सल्ला मला कुणी दिला नव्हता.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात सहा वर्षांपूर्वी घर बांधलं. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा येतात, पुट्टी भरली की उन्हाळ्यात परत. रंगारी म्हणतो पुट्टीचा दोष.

उत्तर : रंगाऱ्याला सोडा, जमीन काळी आहे ना? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया कडक मुरमापर्यंत गेला नसेल तर घरही तिच्यासोबत हलतं. भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख टाका, दर महिन्याला बघा. तोवर गच्चीचं आणि मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, घराभोवती बाहेरच्या उताराची फरसबंदी करून घ्या, भिंतीला लागून झाड असेल तर तेही बघा. भेग खुणेच्या पुढे गेली किंवा रुंदावली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि त्याला लिंटेल लेव्हलला बँड, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा काँक्रीटचा पट्टा, आहे का तेही तपासायला सांगा. १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुमच्याच जिल्ह्यातला. पुट्टीचा डबा तोवर माळ्यावर.