हब जीन सापडला म्हणून बायोमार्कर होत नाही

पोरी,

हेड अँड नेक (डोकं-मान) कॅन्सरचे बायोमार्कर, म्हणजे आजार ओळखायला किंवा पुढं काय होणार ते सांगायला वापरायच्या खुणा, शोधायची तुझी फाईल बघितली. स्ट्रिंगमधनं (प्रोटीनच्या जोड्यांचा डेटाबेस) इंटरॅक्शन घेतलीस, सायटोस्केपमध्ये (जाळं काढायचं सॉफ्टवेअर) टाकलीस आणि ज्यांची कनेक्शन जास्त ते वरचे जीन, म्हणजे हब, बायोमार्कर म्हणून लिहून मोकळी झालीस. चित्र झकास आलंय, पण टीपी53 आणि ईजीएफआर हे कॅन्सरमधले नावाजलेले जीन वर येणारच की, कुठलाही कॅन्सर घे. त्यांच्यावर जगभर इतकं काम झालंय की त्यांची कनेक्शनंच जास्त नोंदलीयत. गणपत गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला सगळं बेळगाव ओळखतं, म्हणून गावातल्या प्रत्येक भानगडीत त्याचाच हात असं म्हणशील काय?

मग नेटवर्क, म्हणजे हे कनेक्शनचं जाळं, कशाला, तर ते बघ. ब्रेस्ट कॅन्सर पुढं पसरणार काय हे सांगायला 2002 मध्ये डच ग्रुपनं 70 जीनची यादी काढली, 2005 मध्ये दुसऱ्या ग्रुपनं 76 ची, आणि दोन्हीत कॉमन निघाले फक्त 3! सुटे जीन धरले की पेशंट बदलले की यादी बदलते. 2007 मध्ये अमेरिकेतल्या ट्रे आयडेकरच्या ग्रुपनं प्रोटीनच्या जाळ्यातले छोटे छोटे गट धरले, गटातल्या सगळ्या जीनची पातळी एकत्र मोजली, तर ते गट दुसऱ्या पेशंटांच्या डेटात जास्त टिकले. तुला शिकायचंय ते हे, हबची यादी नव्हे.

तरी लगेच खूश होऊ नकोस. 2011 मध्ये एका पेपरनं दाखवलं की ब्रेस्ट कॅन्सरमध्ये आंधळेपणानं उचललेल्या जीनच्या याद्यासुद्धा बऱ्याचदा सर्व्हायव्हलशी, म्हणजे पेशंट किती जगतो त्याच्याशी, जुळतात, कारण पेशी किती भराभर वाढतायत ते निम्म्या जीनोममध्ये उमटलेलं असतंय (मला हा पेपर फार आवडतो, भल्याभल्यांची झोप उडवली त्यानं). म्हणून तेवढ्याच आकाराचे, तेवढ्याच कनेक्शनचे रँडम गट काढ हजारभर, आणि तुझा गट त्यांच्यापेक्षा सरस ठरतो काय बघ. आणि जीन निवडायचं काम क्रॉस व्हॅलिडेशनच्या (डेटाचे भाग पाडून काहींवर शिकायचं, उरलेल्यावर तपासायचं) आतच कर, आधी सगळ्या डेटावर निवडून मग टेस्ट केलीस तर आकडे फुगणारच.

आणखी एक, तू टीसीजीएचा (अमेरिकेचा कॅन्सर जीनोम प्रकल्प) हेड अँड नेकचा डेटा घेतलायस, त्यात जीभ, स्वरयंत्र सगळं एकत्र आहे आणि पेशंट बहुतेक अमेरिकेतले. निपाणी-चिकोडीकडं तंबाखू, गुटखा गालात धरून बसणाऱ्यांचा कॅन्सर गाल-हिरडीचा. त्यावर आपल्याच देशातल्या आयसीजीसी इंडियाचा (आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा भारतातला गट) 2013 चा पेपर आहे, तो आधी वाच. टीसीजीएतले फक्त तोंडाचे सॅम्पल वेगळे काढ, रँडमची टेस्ट लाव, मग जे उरेल तेवढंच पाठव. चित्र नको, टेबल पाठव.