ट्रान्सफॉर्मर्स: आधी कार्टून की आधी खेळणी?

आधी खेळणी, म्हणजे दुमडली-उलगडली की गाडीचा रोबो होणारी. जपानच्या ताकारा कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रोमॅन ही खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने घेतली आणि १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आणली. रोबोंना नावं आणि स्वभाव मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या लेखकांनी दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात कार्टून टीव्हीवर आलं.

डायाक्लोनमध्ये गाडी चालवायला इवलासा माणूस बसायचा. यंत्राला स्वतःचा जीव आला तो ट्रान्सफॉर्मर्समध्ये, आणि माझ्या मते खरी जादू तीच.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून भाच्याला ऑप्टिमस नावाच्या रोबोचा लाल ट्रक घेतला होता. रोबो करून उभा केला की ट्रकच्या पुढच्या काचा रोबोच्या छातीवर येतात. त्या काचांवर बोट ठेवून तो अजून म्हणतो, “मामा, ऑप्टिमस इथून श्वास घेतो.”