गाडीचं विचारा: सांगलीला तेरा, रत्नागिरीला साडेअकरा

प्रश्न : मिस्त्री, माझी पिकअप आहे, मार्केट यार्डातून भाडं मारते. रिकामी असली की १५चं ॲव्हरेज देते. सांगलीला जाताना गूळ आणि येताना हळद असते, तेव्हा १३ पडतं. आता सीझनला रत्नागिरीची भाडी धरली. जाताना गूळ, येताना हापूस, वजन दोन्हीकडं काट्यावर सव्वा टनाच्या आसपास. पण ॲव्हरेज साडेअकराच्या वर जाईना. जाऊन-येऊन २६० किलोमीटर धरले तर अडीच लिटरचा फरक. ड्रायव्हर म्हणतो, "मालक, घाट हाय." भाऊ म्हणतो, तो डिझेल काढतोय. एका गॅरेजवाल्यानं इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदलायला सांगितलंय. कुणाचं खरं?
— एक पिकअपमालक, कोल्हापूर

उत्तर : ड्रायव्हरचं. इंजेक्टरला हात लावू नका आणि भावाला चार दिवस गप्प बसवा.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट विजेएवढी ऊर्जा असते. त्यातली तीनेक युनिटं चाकापर्यंत पोचतात, बाकी रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातात. एवढं धरून चाला.

सपाट रस्त्यावर एक टन माल १०० किलोमीटर न्यायला, चांगले टायर आणि बरा रस्ता असेल तर, लिटरभराच्या आतच डिझेल जादा लागतं. म्हणजे तुमच्या सव्वा टनाला लिटर-सव्वा लिटर. रिकाम्या गाडीला १०० किलोमीटरला पावणेसात लिटर लागतात. त्यात हे मिळवा आणि भागा, तेराच्या जवळपास येतंय. तुमचा सांगलीचा आकडा तंतोतंत बसला. गाडीचं स्वतःचं वजन पावणेदोन टनांच्या घरात, त्यावर सव्वा टन चढवला तरी ॲव्हरेज दोनानंच घसरलं, कारण इंजिनाला स्वतःला फिरवायचा आणि वाऱ्याला ढकलायचा खर्च रिकाम्या गाडीलाही असतोच.

आता घाट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, रत्नागिरी समुद्राला लागून. एक टन वजन एवढ्या उंचीवर उचलायला दीड युनिट लागतं, म्हणजे अर्धा लिटर डिझेल. येताना गाडी अधिक हापूस मिळून तीन टन भरतात, म्हणजे दीड लिटर नुसतं वर चढण्यात गेलं. वाटेतल्या आंबा घाटाचा माथा कोल्हापूरपेक्षा उंच आहे, तो हिशेब वेगळाच. कुणी म्हणेल, जाताना उतार आहे की, तेव्हा परत मिळेल. मिळतं, पण थोडं. उतरताना बहुतेक सगळं ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णता होऊन जातं. शिवाय घाट उतरला की रस्ता सपाट झाला असं कोकणात होत नाही. साखरपा, नाणीज, पाली, सगळीकडं चढ-उतार आणि वळणं. भरलेली गाडी वळणाला दाबायची, परत चाळीसवर आणायची, यात दर वेळी पंधरा-सोळा मिली डिझेल जातं. औषधाचे तीन चमचे म्हणा. असे शंभर झाले की दीड लिटर. सांगलीच्या रस्त्याला जयसिंगपूर, हातकणंगले सोडलं तर गाडी एका लयीत चालते.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मी शाहू मार्केट यार्डाबाहेर उभ्या गाड्या रोज बघतो. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, हौद्यात खाली बसतात. आंब्याच्या पेट्या केबिनच्या वर दोन हात जातात आणि वरची ताडपत्री सैल, पार साखरप्यापासून फडफडत येते. वाऱ्याला वजनाशी देणंघेणं नाही, त्याला दिसतो तो आडवा उभा राहिलेला भाग आणि वेग. साठवरून ऐंशीला गेलात की वाऱ्याचा विरोध जवळजवळ पावणेदोनपट होतो. रिकामे प्लास्टिक क्रेट उंच रचून ऐंशीनं पळवणारी गाडी गुळानं भरलेल्या गाडीपेक्षा जास्त पिते, हे मी ठामपणे सांगतो. पेट्या शक्य तेवढ्या केबिनच्या उंचीत बसवा आणि ताडपत्रीला दोरी आडवी-तिडवी मारा. त्याला पैसे पडत नाहीत.

हवेचंही बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लोडच्या गाडीला मागच्या टायरची हवा वेगळी दिलेली असते. पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखी मारून मोकळा होतो.

ड्रायव्हरला एक मात्र विचारा: घाट उतरताना न्यूट्रल करतो का? डिझेल वाचवायला बरेच जण करतात. हल्लीच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं डिझेल सोडणाऱ्या, इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडायचंच बंद करतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला त्याला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि तीन टन घेऊन ब्रेक तापले तर दरी आहेच. ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा.

तरीही मनात किडा असेल तर एकाच पंपावर, पहिल्या कट-ऑफला, म्हणजे नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा, फेरी झाली की तिथंच परत तसंच भरा. किलोमीटर भागिले लिटर. पण ताळा सांगलीच्या फेरीशी नको, रत्नागिरीच्याच दुसऱ्या फेरीशी करा. उद्या सांगलीलाही तेराचं अकरा झालं तर मग गाडी बघावी लागेल. तेव्हा आधी एअर फिल्टर काढून बघा आणि गाडी थांबल्याबरोबर चारही चाकांजवळ हात न टेकवता धरून बघा. एकच चाक भट्टी झालेलं असलं तर तिथला ब्रेक चिकटून राहतोय. इंजेक्टर त्यानंतर.

प्रश्न : पासिंगपेक्षा (आरटीओनं मंजूर केलेल्या वजनापेक्षा) तीन-चारशे किलो जास्त भरलं तर ॲव्हरेजला कितीसा फरक पडतो?
— गडहिंग्लज

उत्तर : सपाटीवर १०० किलोमीटरला तीनशे-चारशे मिली. डिझेलच्या हिशेबानं काहीच नाही, म्हणूनच लोक भरतात. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. शिवाय जादा माल खाली उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर जातात ते वेगळं. भाडं देणारा जादा मालाचे किती देतो ते आधी विचारा, मग ठरवा.