संपर्कयादीची परवानगी कोणी द्यायची?

प्रश्न : फोटो सुधारण्यासाठी मी मोबाइलवर एक ॲप घेतले. सुरू होताच त्याने संपर्कयादीची परवानगी मागितली आणि आपल्याकडे लपवण्यासारखे काही नाही, असा विचार करून मी ती देऊन टाकली. आठवड्याभरातच माझ्या बहिणीला माझ्या नावाने त्या ॲपचे आमंत्रण गेले आणि ती माझ्यावर चांगलीच रागावली. ॲप मी लगेच काढून टाकले आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही, पुरेसे नाही. ॲप काढले की ते फोनमधून जाते. कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचलेली यादी मात्र तिथेच राहू शकते. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरून आधी खाते बंद करा आणि गोपनीयता धोरणात दिलेल्या ईमेलवर ‘माझ्या फोनमधून घेतलेले सर्व संपर्क पुसून टाकावेत’ असे स्पष्ट शब्दांत कळवा, कारण खाते बंद झाले म्हणजे संपर्कही पुसले गेले, असे गृहीत धरता येत नाही.

तुमच्या बहिणीचा राग मला रास्त वाटतो. तुमच्याकडे लपवण्यासारखे काही नसेलही, पण त्या यादीत तुमचे असे थोडेच असते. नंबर बहिणीचा, वाढदिवस मित्राचा, घरचा पत्ता सहकाऱ्याचा, आणि परवानगी मात्र एकट्या तुमची! यातून केवढा पसारा होऊ शकतो, हे २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिले. फेसबुकवरची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेणारे ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी वापरले होते. पण त्यांच्या मित्रयादीतून ते इतरांपर्यंत पोहोचले आणि फेसबुकच्याच अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतल्या बहुतेकांनी ते ॲप कधी उघडलेही नव्हते.

परवानगी मागितली गेली की त्या कामासाठी ती खरोखर लागते का, एवढेच स्वतःला विचारावे. फोटो उजळ करायला नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत? २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने केवळ टॉर्चचे काम करणाऱ्या एका ॲपवर कारवाई केली होती. ते ॲप वापरणाऱ्याचे नेमके ठिकाण जाहिरात कंपन्यांना पुरवत होते, आणि अटी मान्य करण्याचे बटण दाबण्यापूर्वीच माहिती पाठवायला सुरुवात करत होते. म्हणूनच माझा भर अटी वाचण्यापेक्षा फोनच्या सेटिंगवर आहे. तिथल्या गोपनीयता विभागात कोणत्या ॲपला संपर्क, ठिकाण, मायक्रोफोन यांची परवानगी आहे, हे एकत्र दिसते. ती काढून घेतल्यावरही बहुतेक ॲपे आपले मूळ काम करतात. एखादे अडून बसलेच, तर त्याला पर्याय शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बहिणीला काय घडले ते मोकळेपणाने सांगा. तिचा नंबर पुसण्याची मागणी तिनेही स्वतंत्रपणे करावी. आणि आज आपली संपर्कयादी एकदा सावकाश पाहा. विसरू नये म्हणून बँकेच्या कार्डाचा पिन एखाद्या खोट्या नावाने तिथे नोंदवून ठेवणारे अनेक जण असतात. तुमच्याही यादीत तशी नोंद असेल, तर ती पुसून भागणार नाही. पिनच बदलून घ्या.